साहेबांचा स्वभाव

माझ्या नवऱ्याच्या मते तो शांत, विचारी आणि थोडासा मानी आहे. हे तो स्वतःबद्दल सांगत नाही. स्वतःबद्दल त्याचं कधीच काही मत नसतं. हे वर्णन आमच्या मागच्या खोलीत दिव्याखाली पसरलेल्या, शेपटीसकट जवळजवळ माझ्याएवढ्या लांब हिरव्या जनावराचं आहे. मी त्याला घोरपड म्हणते. नवरा प्रत्येक वेळी न चिडता दुरुस्ती करतो, "घोरपड नाही गं, इग्वाना." जसं काही हा फरक एकदा नीट कळला की मला मायेचा उमाळाच येणार आहे.

नाव ठेवलंय साहेब. आणि बोलायचं ते आदरार्थी. साहेब उठले, साहेब जेवले, साहेबांचं आज काही खरं दिसत नाही. मी उठले का, मी जेवले का, हे या घरात कुणी एकेरीतसुद्धा विचारल्याचं मला आठवत नाही. पण साहेबांनी भोपळ्याची फोड अर्धी टाकली की नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो आणि घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात सांगतो, "आज मन नाही त्यांचं." मन! ज्याचा मेंदू चिंचोक्याएवढा, त्याला मन.

स्वभाव या विषयात मला थोडंफार कळतं, कारण माणसाच्या चेहऱ्यावरून तो पुसून टाकणं हाच माझा धंदा आहे. माझा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. रस्त्यालगतची एक खोली, एक फिरतं स्टूल, एक पांढरा पडदा आणि दोन छत्रीचे दिवे. लोक येतात, भिंतीवरच्या आरशात केस सारखे करतात, पोट आत घेतात आणि स्टुलावर बसून गोड हसतात. मग मी सांगते, हसू नका. हनुवटी खाली. खांदे सैल. डोळे उघडे. दोन मिनिटांत सगळे सारखे दिसायला लागतात. कविता करणारा असो की उधारी बुडवणारा, हसू काढून घेतलं की खाली उरतं ते फार काही नसतं. या हिशेबानं साहेबांइतकं आदर्श गिऱ्हाईक मला आजवर मिळालेलं नाही. चेहऱ्यावर कसलाही भाव नाही, हलायचं नाव नाही, दिवा कितीही प्रखर असू दे.

नवरा गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि उभा जन्म त्यानं तो पाय ब्रेकवर ठेवून काढलाय. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी शेजारच्या शिकाऊ माणसाला "छान जमतंय हं, फक्त जरासं डावीकडे" म्हणणारा हा माणूस. कुणाला नाही म्हणायचं झालं की तो आधी हो म्हणून टाकतो. असाच त्याचा एक शिकाऊ परदेशी निघाला आणि जाताना एक पेटी आमच्याकडे ठेवून गेला, थोड्या दिवसांसाठी. पेटीत साहेब होते. तेव्हा ते शाळेतल्या पट्टीएवढे होते आणि मला बघून पेटीच्या कोपऱ्यात शिरायचे, म्हणजे तेव्हा थोडी अक्कल होती. शिकाऊ गेला तो गेलाच. साहेब राहिले, आणि वाढले.

आमच्या मुलीचं लग्न झाल्यावर त्यांना तिची खोली मिळाली. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर आता झाडाची एक आडवी फांदी बांधलेली आहे. वर एक उष्णतेचा दिवा, एक जांभळट उजेडाची नळी, आणि हवा दमट ठेवायला वाफ सोडणारं एक यंत्र. त्या वाफेनं भिंतीचा रंग फुगलाय आणि कपाटाचं दार लागत नाही. खाली मुलीच्या लहानपणीचा अंघोळीचा टब. साहेब त्यात अंघोळ करतात आणि त्यातच बाकी सगळंही उरकतात. मग नवरा टब घासतो आणि घासताना शीळ घालतो.

आता एवढ्या थाटात राहणारा हा प्राणी दिवसभर करतो काय? बसतो. दिव्याखाली बसतो. एका बाजूनं शेकून झाला की दुसऱ्या बाजूनं बसतो. मधूनच शिंकतो, आणि त्या शिंकेतून मीठ उडतं, खरंखुरं मीठ, त्याचे पांढरे ठिपके खिडकीच्या काचेवर बसतात. ते मी पुसते. कुणी फार जवळ गेलं तर शेपटीचा फटका मारतो, माझ्या पोटरीवर त्याचा वळ उठला होता तेव्हा नवरा म्हणाला, "तू चप्पल वाजवत गेलीस ना." आणि मान हलवतो. वर खाली, वर खाली, गळ्याखालची पिशवी पसरून, मोठ्या गांभीर्यानं.

त्या मान हलवण्यावर आमचं घर चालायचं, असं म्हटलं तरी चालेल. "साहेब, खोलीला फिका हिरवा द्यायचा?" साहेब हो म्हणाले. "साहेब, नवा दिवा आणू?" साहेब हो म्हणाले. माझ्याबद्दल कधी काही विचारलं असेल तर त्यालाही ते हो म्हणाले असतील. नवरा मला येऊन सांगायचा, "सगळं कळतं त्यांना. नुसतं बोलता येत नाही." मी म्हणायची, "बोलता येत नाही तेच बरंय. तुम्ही काय ते ऐकून घेतलं असतंत?"

तरी आमचा नवरा एकटाच असता तर मी घरातलं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण असल्या लोकांचं एक मंडळ आहे. अध्यक्षांचं फरशांचं दुकान आहे; त्यामागच्या गोदामात, फरशांच्या थप्प्यांवर सतरंज्या टाकून ही मंडळी दर रविवारी जमतात, खांद्यावर, मांडीवर, पिशवीत आपापली जनावरं घेऊन. मी एकदा गेले आणि मग पुन्हा पुन्हा गेले, कारण इतकं बावळट काही फुकटात बघायला मिळत नाही. बोलणं सगळं लग्न जमवायला बसल्यासारखं. आमची ही स्वभावानं गोड आहे, फक्त परक्यांसमोर बुजते. आमचा तो जरा तापट, पण मनात काही ठेवत नाही. अध्यक्षांकडे काळा-पांढरा तेगू आहे, एक जाडजूड सरडा, फ्रीजचं दार वाजलं की धावत येतो. अध्यक्ष त्याला "बुद्धिमान" म्हणतात. फ्रीजचं दार वाजल्यावर अध्यक्षही तसेच धावत असणार, त्यांच्याकडे बघून वाटतं.

एक पार्लरवाल्या बाई आहेत. त्यांच्याकडे गळ्याला काटेरी दाढी असलेली एक सरड्याची मादी आहे, आणि ती समोरच्याकडे बघत एक पुढचा पाय वर उचलून हळूच हलवते. बाईंचं कौतुक उतू जातं. "सकाळी उठलं की आधी मला टाटा करते. मुलांनी कधी केलं नाही हो!" मग बाई तिला उलट टाटा करतात, आणि सगळं गोदाम टाटा करतं. माझा नवराही. मोठा माणूस, घोरपड खांद्यावर, सरड्याला टाटा करतोय. मी फरशांचे भाव वाचत बसायची.

तर असं सगळं चाललं होतं, आणि मुलीला दिवस गेले.

जावई जहाजावर काम करतात. बाळ व्हायच्या सुमारास ते समुद्रावर असणार, आणि नंतरही बरेच महिने. मुलीनं फोनवर सांगितलं, "आई, मी तुझ्याकडे येते. बाळ घेऊन तिथेच राहीन." मी फोन ठेवला आणि उगाचच स्टुडिओचा पडदा उतरवून धुतला. मला ती हवी होती. मला ते बाळ हवं होतं, त्याची रड, त्याचे दोरीवर वाळत घातलेले चिमुकले कपडे, सगळं. इतकं मला पूर्वी कधी काही हवंसं वाटल्याचं आठवत नाही, आणि वाटलं असलं तर मी ते कुणाला दिसू दिलेलं नाही.

मग आठवड्यानं तिचा पुन्हा फोन आला. तिच्या डॉक्टरांनी घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं होतं. तिनं खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही. या प्राण्यांच्या पोटात जंतू असतात, त्यांना काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. हात धुऊन भागत नाही, खोली वेगळी करून भागत नाही. जिथे असला प्राणी आहे त्या घरात बाळ नको. "तर आई, साहेब तिथे असतील तर मी सासूबाईंकडे जाते. त्या तयार आहेत." सासूबाई लांबच्या गावी राहतात. पोचायला अख्खा दिवस जातो. स्टुडिओ बंद करून मी तिथे कितीदा जाणार?

नवऱ्याला मी चहा देतानाच सांगितलं. तो लगेच म्हणाला, "अगं मग खोली रिकामी करू की. पोर आधी." मला बरं वाटलं. मग त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि विचारलं, "पण साहेब जातील कुठे?"

"कुठेही. जंगलात."

"थंडीनं मरतील ते."

"मग मंडळात द्या. एवढी तुमची मंडळी जीव टाकतात ना त्यांच्यावर."

त्या रविवारी मी मुद्दाम बरोबर गेले. नवऱ्यानं उभं राहून सगळं सांगितलं. गोदामभर चुकचुक झाली. साहेबांसारखं व्यक्तिमत्त्व मंडळात दुसरं नाही, असं अध्यक्ष म्हणाले. पार्लरवाल्या बाईंनी डोळे टिपले. आणि मग जो तो आपापल्या जनावराची शेपटी कुरवाळत खाली बघायला लागला. घ्यायला कुणी तयार नाही. एकाच्या घरात जागा नाही, एकाची बायको नाही म्हणते. शेवटी अध्यक्ष हळूच म्हणाले, "शिवाय त्यांचा विणीचा हंगाम जवळ आलाय. नर या दिवसांत जरा स्वतःचं म्हणणं मांडतात." अध्यक्षांच्या डाव्या अंगठ्यावर टाक्यांची जुनी खूण होती. त्यांच्या आधीच्या नरानं म्हणणं मांडलं होतं ते.

परत येताना नवरा गाडीत म्हणाला, "परक्याकडे खचतील गं ते. खाणं सोडतील. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला येत नाहीत." मी म्हणाले, "नातवंड हवंय की घोरपड?" तो म्हणाला, "असं नको ना विचारू." एवढंच. पुढे आठवडे गेले तरी तो विचारच करत होता. दर दोन दिवसांनी एक नवी युक्ती. दाराला दुहेरी पडदा लावू. साहेबांना गच्चीवर खोली बांधू. बाळ पुढच्या खोलीत आणि आपण साहेबांजवळ झोपू. मुलीला सातवा लागला तरी ह्याचा पाय आपला ब्रेकवरच.

त्याच सुमारास साहेबांचं एक नख मुळातून उखडलं आणि पाय सुजला. नवऱ्याच्या शिकाऊंची त्या दिवशी परीक्षा होती, म्हणून मोठी पेटी घेऊन डॉक्टरकडे मला जावं लागलं. या बाई जनावरांच्या डॉक्टर, हातावर कोपरापर्यंत ओरखडे, बोलणं तुटक. साहेबांना टॉवेलात गुंडाळून त्यांनी पाय साफ केला, आणि त्यांचा हात डोक्यावर पडताच साहेबांनी डोळे मिटले. मी म्हणाले, "अगंबाई, तुमच्यावरही प्रेम बसलं वाटतं. आमच्याकडे हे फक्त मालकांच्या हाताखाली मिटतात म्हणे." बाई हसल्यासुद्धा नाहीत. "प्रेम कसलं? नकोसं झालं की मिटतात. पळायला जागा नाही, मग डोळे मिटून समोरचा नाहीच असं धरून चालायचं." मी मान हलवण्याचंही विचारून घेतलं. ते हो नव्हे. ही जागा माझी, तू चालता हो, असा त्याचा अर्थ. आणि टाटा? "घाबरलेलं असतं ते. मी लहान आहे, मला काही करू नको म्हणून पाय हलवतं." म्हणजे ती दाढीवाली रोज सकाळी उठून पार्लरवाल्या बाईंकडे जिवाची भीक मागते, आणि बाई तिला टाटा करतात. घरी येईपर्यंत मी रिक्षात एकटीच हसत होते.

नवऱ्याला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. दया आली म्हणून नाही. असली गोष्ट हाताशी असलेली बरी, म्हणून.

मग एका दुपारी मुलगी स्वतःच आली. बाबांशी समोरासमोर बोलते म्हणाली. सातवा महिना सरलेला, पाय सुजलेले, जिना चढून आली आणि मागच्या खोलीच्या दाराबाहेरच उभी राहिली, नाकाला रुमाल लावून. खोली तिचीच. आत पाऊल टाकायची चोरी. नवरा आत फांदीजवळ उभा होता. मी मुलीच्या मागे.

"बाबा, काय ठरलं तुमचं?"

"ठरवतोय बाळा. तू लांबूनच एकदा बघ. मग तूच सांग." त्यानं साहेबांच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि अंगठ्यानं हळूहळू चोळायला लागला. साहेबांचे डोळे मिटले. "बघितलंस? साऱ्या जगात फक्त माझ्या हाताखाली असे डोळे मिटतात त्यांचे. इतका विश्वास टाकला एखाद्यानं, त्याला कुणाच्या दारात नेऊन टाकू मी? तू सांग, मी नेऊन टाकतो."

मुलगी बापावर गेलीय. तिचे डोळे भरून आले. "राहू दे बाबा," ती म्हणाली. "मी तिकडेच जाते. काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

काही महिन्यांचा! मला लगेच दिसलं पुढचं सगळं. बाळ तिथे पालथं पडणार, तिथे रांगणार, आजी म्हणून दुसऱ्याच बाईच्या अंगावर झेपावणार, आणि मी त्याच्या फोटोला चौकट घालून स्टुडिओत लावणार. हे कशासाठी, तर एका घोरपडीनं डोळे मिटले म्हणून. माझं डोकंच फिरलं.

"डोळे का मिटतात ते सांगू?" मी म्हणाले. "तुमचा हात नको असतो म्हणून. पळायला जागा नाही, म्हणून मिटतात आणि तुम्ही नाहीच असं समजतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय मला. आणि मान हलवतात ना, ते हो नाही. चालता हो म्हणतात. इतकी वर्षं तुम्ही त्यांना विचारताय, आणि इतकी वर्षं ते तुम्हाला एकच सांगतायत, चालता हो."

"आई," मुलगी म्हणाली.

 नवऱ्यानं हात उचलला. साहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यानं हात परत ठेवला. डोळे मिटले. उचलला. उघडले. नव्या गाडीचा ब्रेक लागतो की नाही हे बघावं, तसं त्यानं चार-पाच वेळा करून पाहिलं. मला आत कुठेतरी गार वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्याचा तो ओशाळलेला चेहरा बघून मनात आलं, बरं झालं, एकदाचं कळलं.

मग तो वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तू?"

"मी काय?"

"मान चोळतो तेव्हा. तूही मिटतेस."

संध्याकाळी स्टुडिओ बंद करून आले की माझी मान धरलेली असते, दिवसभर कॅमेऱ्यावर वाकून. मी स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसते आणि हा मागे उभा राहून अंगठ्यांनी मान चोळून देतो. लग्नानंतर स्टुडिओ टाकला तेव्हापासूनचं आहे हे. मी त्याला कधी सांगितलेलं नाही, त्यानं कधी विचारलेलं नाही. बाहेर अंधारून आलेलं असतं आणि खिडकीच्या काचेत त्याला माझा चेहरा दिसत असणार, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

"मला वाटायचं, मिटले म्हणजे बरं वाटतंय," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, चिडून नाही. "साहेबांचं मी तुझ्यावरूनच ओळखलं."

मला फक्त नाही म्हणायचं होतं. तसं नाही हो, एवढंच. पण मी दिवसभर लोकांना चेहरा कोरा ठेवायला सांगणारी बाई, नेमक्या त्या वेळी माझाच चेहरा कोरा झाला. कारण खरं काय ते मलाच एका शब्दात सांगता येत नव्हतं. काही संध्याकाळी इतकं बरं वाटायचं की तो हात थांबूच नये. काही संध्याकाळी वाटायचं, कधी एकदा थांबतोय. डोळे दोन्ही दिवशी सारखेच मिटायचे. मी हा हिशेब मनातल्या मनात करत राहिले आणि तेवढा वेळ त्याला पुरला.

"काहीतरीच काय बाबा," मुलगी म्हणाली. "आईची काय तुलना."

"नाही, बरोबर आहे," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून हसला. "तू ये बाळा. खोली रिकामी करतो मी."

दुसऱ्याच दिवशी त्यानं केली. गावाबाहेर एका माणसाची रोपवाटिका आहे. काचेचं मोठं दमट घर, आत केळीच्या जातीची उंच झाडं, वर दिवे. एका शिकाऊनं पत्ता दिला. मी बरोबर गेले, पेटीचं एक टोक धरायला. रोपवाटिकेवाल्यानं पेटीत डोकावून पाहिलं आणि खातो काय, एवढंच विचारलं. नवऱ्यानं सांगितलं. अंघोळीचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, दुखऱ्या पायाचं सांगितलं. मी वाट बघत होते की आता तो शांत, विचारी आणि मानी सुरू करेल.

"आणि स्वभावानं कसाय?" रोपवाटिकेवाल्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," नवरा म्हणाला.

साहेब पेटीतून निघाले, एका खोडावर चढले आणि पानांत गेले. मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही, ते कशाला बघतील? परत येताना गाडी मी चालवली, म्हणजे मला चालवू दिली. नवरा शेजारी बसला होता, पाय दोन्ही जवळ घेऊन. ब्रेकवर नव्हते.

मग मला जे हवं होतं ते सगळं झालं. भिंती खरवडून रंगवल्या, टब फेकला, फांदी तोडली. मुलगी आली, बाळ झालं, मुलगी आहे, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन बघून गेले. नवरा नातीला खांद्यावर घेऊन घरभर फिरतो. तिचे डोळे मिटायला लागले की तो थांबतो आणि मुलीला विचारतो, "हिला झोप आलीय, की मी नकोय?" मुलगी हसते. तिला वाटतं, बाबा थट्टा करतायत. मंडळात तो आता जात नाही. अध्यक्षांचा फोन आला तर सांगतो, वेळ नाही.

मान चोळायला मात्र तो येईना. मी स्टुडिओतून यायची, स्टुलावर बसायची, तो बाळाकडे असायचा. आधी मी म्हटलं, असू दे, नवीन कौतुक आहे. मग म्हटलं, रुसलाय, रुसू दे, इतक्या मोठ्या माणसाला कोण समजावणार? एका घोरपडीवरून बायकोशी अबोला धरणारा माणूस! पण अबोलाही नव्हता. बोलायचा सगळं, चहा करून द्यायचा, नेहमीसारखाच. नुसता हात लावत नव्हता. काही दिवसांनी मान इतकी धरली की मला गिऱ्हाइकाकडे बघायला अख्खं अंग वळवावं लागे, आणि मग मीच म्हणाले. म्हणजे विनवलंच, मला त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

"अहो, मान दुखतेय माझी."

तो लगेच आला. हात पुसले, मागे उभा राहिला आणि चोळायला लागला, अंगठे तेच, जागा तीच. पण थोड्या थोड्या वेळानं थांबत होता. मी वर पाहिलं तर खिडकीच्या काचेत तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, शिकाऊ माणूस आरशात बघतो तसा, घाबरून आणि सारखा सारखा.

"बरं वाटतंय ना?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले. मान नाही हलवली, तोंडानं म्हणाले. आणि खरंच बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की डोळे आपोआप जड होऊन मिटायला लागले.

काचेतले त्याचे हात थांबले.

मी डोळे उघडे ठेवले. आता रोज ठेवते, सताड उघडे, पाणी येईपर्यंत.